स्वस्तातले ‘डेक शूज’ आणि त्यामागून आलेला फोन

मुंबईच्या बंदरात शिडाची बोट चालवायला शिकवणाऱ्या वर्गात नाव नोंदवल्यावर सामानाची यादी आली. तीत बुटांविषयी दोन अटी होत्या: बोटे पूर्ण झाकलेली हवीत आणि सोल डाग न पाडणारा हवा. डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या सपाट भागावर, दोर अडकवायच्या क्लीट आणि कप्प्या इतक्या असतात की उघड्या चपलेतले बोट कशावर तरी आपटणारच. आणि काळ्या रबराचे फराटे पांढऱ्या फायबरग्लासवरून सहजी निघत नाहीत.

त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर ‘दुकान बंद करीत आहोत, अस्सल चामड्याचे डेक शूज’ अशी जाहिरात दिसू लागली. सहा हजारांचा जोड अठराशेला, तोही आगाऊ पैसे भरले तरच. कॅश ऑन डिलिव्हरी ‘तात्पुरती बंद’ होती. संकेतस्थळावर कुलपाचे चिन्ह होते, पण त्याचा अर्थ एवढाच की आपली माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडचा विक्रेता प्रामाणिक असल्याची ती हमी नव्हे. पत्ता किंवा तक्रार अधिकाऱ्याचे नाव तेथे कोठेही नव्हते. वास्तविक २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती देणे बंधनकारक आहे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते.

तरीही मी पैसे भरले. आलेला जोड चामड्याचा नसून रेक्झिनचा होता. खऱ्या डेक शूजच्या सोलला पात्याने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात; पाऊल वाकले की त्या उघडतात, पाणी बाजूला सारतात आणि त्यांच्या कडा ओल्या डेकला धरतात. अमेरिकेतील पॉल स्पेरी यांना १९३५ च्या सुमारास ही कल्पना बर्फावर न घसरणाऱ्या आपल्या कुत्र्याच्या पंजांवरून सुचली, असे सांगतात. माझ्या बुटांच्या चिरा साच्यातच उठवलेल्या, उथळ होत्या. बूट दुमडला तरी एकही उघडेना. पहिल्याच फेरीत वाऱ्याने बोट कलली, माझा पाय सरकला आणि डेकवर काळा ओरखडा उमटला. सोलची कड नखाने खरवडली, तेव्हा वरच्या पांढऱ्या रंगाखालून काळे रबर निघाले. तो ओरखडा पुसायला मलाच बसवले, आणि ते रास्तच होते.

परताव्यासाठी पाठवलेल्या ईमेलला उत्तर आले नाही; त्याऐवजी ‘ग्राहक सेवा केंद्रातून बोलतोय’ असे म्हणणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज अतिशय नम्र, दर वाक्याला ‘सर’. एक ॲप डाउनलोड करून स्क्रीन दाखवा आणि यूपीआय पिन टाका, म्हणजे रक्कम जमा होईल, असे ते सांगू लागताच मी फोन ठेवला, कारण पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकणे म्हणजे पैसे द्यायला संमती देणे. बुटांचे अठराशे हे निव्वळ आमिष असावे. मोठा डल्ला या फोनवर मारायचा होता.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. संकेतस्थळ गायब झाले असून रक्कम अद्याप मिळालेली नाही. यूपीआयऐवजी क्रेडिट कार्डाने पैसे भरले असते, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागण्याचा एक मार्ग तरी उरला असता.

बूट शक्यतो दुकानात जाऊन घ्यावेत, वाकवून चिरा उघडतात का ते पाहावे आणि सोल पांढऱ्या कागदावर जोराने घासावा. डेक शूजचाच हट्ट नसेल, तर डाग न पाडणाऱ्या गम रबराच्या सोलचे बॅडमिंटनचे बूट शिकाऊ माणसाला पुरतात. आमच्या वर्गात बहुतेकांच्या पायांत तेच आहेत.