नोव्हेंबरचा शेवट, हातात एकच दिवस: आओमोरी की हाकोदाते?

दिवाळीनंतर टोकियोला येणारे आमचे पाहुणे क्योतो-हिरोशिमा उरकून निशी-कासाईच्या घरी येऊन टेकतात आणि तेव्हा त्यांच्या लक्षात येतं, की रेल्वे पासचा एक दिवस अजून उरलाय. मग चहाबरोबर ठरलेला प्रश्न येतो, "उत्तरेला कुठे जाऊन येऊ? आओमोरी की हाकोदाते?" नकाशावर दोन्ही समोरासमोर दिसतात. आओमोरी होन्शू बेटाच्या वरच्या टोकाला, हाकोदाते होक्काइदोच्या खालच्या टोकाला, आणि मधे त्सुगारूची सामुद्रधुनी.

हे दिवस कुठल्याच पर्यटन पत्रकात नसतात. लाल पानं गळून गेलेली, बर्फ पडतो पण टिकत नाही, नेबुताचा, म्हणजे आतून उजळणाऱ्या कागदी चित्ररथांचा, उत्सव ऑगस्टमध्येच झालेला, आणि तिकडचा साकुरा फुलायला एप्रिलचा शेवट उजाडतो. दिवसाचं तापमान सात-आठ अंश, वर समुद्राचा वारा. पण रांगा नसतात आणि दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मी दोन्ही गावं याच दिवसांत पाहिली आहेत, आओमोरी तीनदा आणि हाकोदाते दोनदा, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच कळलं असेल. तरी हाकोदातेची बाजूही प्रामाणिकपणे मांडते.

आधी उजेडाचा हिशेब

नोव्हेंबरच्या शेवटी दोन्हीकडे सूर्य चारच्या सुमाराला मावळतो. मुंबईत तेव्हा दुपारची झोपसुद्धा झालेली नसते. म्हणून काय काय बघायचं याची यादी करण्याआधी उजेड किती तास मिळणार ते मोजा.

टोकियोहून साडेसहाच्या सुमाराला सुटणारी हायाबुसा ही शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दहाच्या आत शिन-आओमोरीला पोचवते. तिथून साध्या गाडीने एकच स्टेशन, पाच-सहा मिनिटांत तुम्ही गावात. म्हणजे जवळजवळ सहा तास उजेड. तीच गाडी पुढे साधारण तासाभरात शिन-हाकोदाते-होकुतोला जाते, पण नावात हाकोदाते असलं तरी ते गाव नव्हे. तिथे गाडी बदलून गावात पोचेपर्यंत साडेअकरा होतात आणि उजेड उरतो साडेचार तास. परतीची शेवटची टोकियो गाडी तिथून संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, आओमोरीहून मात्र पावणेआठच्या आसपास. वेळापत्रक बदलत असतं, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.

पास नसेल तर एका बाजूचं भाडं शिन-आओमोरीपर्यंत सुमारे १८ हजार येन आणि पलीकडे २३-२४ हजार. हायाबुसात सगळ्या जागा आरक्षितच असतात, तेव्हा पास असला तरी आरक्षण करून घ्या. पैशांनी आणि वेळेनी आओमोरी इथेच जिंकते.

पण एक गंमत आहे. हाकोदातेचं मुख्य आकर्षण म्हणजे ३३४ मीटर उंच हाकोदाते-यामा डोंगरावरून दिसणारं रात्रीचं गाव. दोन्ही बाजूंनी समुद्राने चिमटलेली, कमरेत बारीक झालेली दिव्यांची पट्टी. उन्हाळ्यात अंधार पडायला साडेसात वाजतात, म्हणजे टोकियोहून एका दिवसात ये-जा करणाऱ्याच्या नशिबात ते दृश्य नाहीच. नोव्हेंबरच्या शेवटी मात्र पावणेपाचला दिवे लागलेले असतात. रोपवेने तीन मिनिटांत वर, अर्धा तास दृश्य, खाली उतरून थोडी धावपळ केली तर साडेसहाची गाडी मिळते. ज्या अंधाराला आपण नावं ठेवतो, तोच इथे कामाला येतो.

आता त्यातली मेख. डोंगरावरचा मोटारींचा रस्ता नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बंद असतो, त्यामुळे भिस्त सगळी रोपवेवर. वारा सुटला की रोपवे थांबतो. शिवाय दर वर्षी शरदात तपासणीसाठी तो काही दिवस पूर्ण बंद ठेवतात, त्या तारखा आधी बघितल्याच पाहिजेत. आणि सगळं जमून आलं तरी ढग असतातच. माझ्या पहिल्या खेपेला वर पोचले तेव्हा समोर पांढराशुभ्र पडदा होता, अगदी माळशेज घाटातल्या जुलैसारखा. शेजारचे जपानी आजोबा हसून "झान्नेन" म्हणाले, म्हणजे काय हे दुर्दैव. दुसऱ्या खेपेला मुक्काम ठेवला होता, तेव्हा दृश्य दिसलं. ते दिसल्यावर पहिल्या खेपेचे पैसे वसूल झाले, एवढं मान्य करते.

बघायला काय?

आओमोरीचा फायदा असा, की पाऊस असो, बर्फ असो, बहुतेक गोष्टी स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांच्या चालण्यात आणि छपराखाली आहेत. स्टेशनला लागूनच 'वा रास्से' हे नेबुताचं संग्रहालय आहे. २ ते ७ ऑगस्टला रस्त्यावरून फिरणारे चार मोठे नेबुता उत्सवानंतर इथे ठेवतात. तारांचा सांगाडा, त्यावर चिकटवलेला जपानी वाशी कागद, मेणाच्या रेषा, आतून दिवे. रुंदी नऊ मीटरपर्यंत आणि उंची पाच. अंधाऱ्या दालनात एखाद्या योद्ध्याचे बटबटीत डोळे तुमच्या डोक्यावर चमकतात तेव्हा गणपतीच्या देखाव्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शेवटच्या रात्री निवडक नेबुता होड्यांवर चढवून खाडीत फिरवतात, हे वाचून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे विसर्जनच की!" मी वाद घातला नाही.

पुढे धक्क्यावर पिवळं-पांढरं 'हाक्कोदा-मारू' जहाज उभं आहे. समुद्राखालून रेल्वेचा बोगदा होण्याआधी रेल्वेचे डबे पोटात घालून सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या सेइकान फेरीतलं हे एक. १९५४च्या सप्टेंबरात वादळात 'तोया-मारू' हाकोदातेजवळ बुडालं आणि हजारावर माणसं गेली, त्यानंतर बोगद्याच्या कामाला जोर आला. ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ला सुरू झाला आणि त्याच दिवशी फेरी थांबली. हाकोदातेच्या धक्क्यावर हाक्कोदा-मारूची बहीण 'माश्यू-मारू' उभी आहे. एक या काठाला, एक त्या काठाला.

उजेड हातात असेल तर बसने सान्नाइ-मारुयामा गाठा. सुमारे ५,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीची, जोमोन या प्रागैतिहासिक काळातली वस्ती, २०२१पासून जागतिक वारशाच्या यादीत. शेजारीच कलासंग्रहालयात चित्रकार योशितोमो नारा यांचा साडेआठ मीटर उंच पांढरा कुत्रा मान खाली घालून उभा आहे. मुलं बरोबर असतील तर तोच दिवसाचा हिरो ठरतो.

हाकोदाते हे चालण्याचं गाव, आणि चालण्यासारखं आहे, हे कबूल. १८५४च्या तहाने अमेरिकी जहाजांना उघडलेल्या पहिल्या दोन बंदरांपैकी हे एक, त्यामुळे मोतोमाची भागात रशियन ऑर्थोडॉक्स चर्च, जुनी ब्रिटिश वकिलात आणि निळ्या-पिवळ्या रंगाचं १९१०चं सार्वजनिक सभागृह, सगळं एकाच उतारावर. हाचिमान-झाका हा उतार सरळ रेषेत खाली बंदरात उतरतो, तिथे माश्यू-मारू दिसतं आणि तिथे फोटो न काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. ट्रामने गोर्योकाकूला जा. पाच टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा हा किल्ला. शोगुनशाही, म्हणजे जपानची जुनी लष्करी राजवट, कोसळल्यावर तिच्या उरलेल्या फौजेने १८६९मध्ये शेवटचा लढा दिला तो इथे. जमिनीवरून तारा-बिरा काही कळत नाही, त्यासाठी १०७ मीटरच्या मनोऱ्यावर चढावं लागतं. आपल्या सह्याद्रीतले किल्ले डोळ्यांत असणाऱ्याला हा सपाट किल्ला जरा फिका वाटतो, पण मनोऱ्यावरून त्याची आखणी बघण्यासारखी आहे.

पण हे सगळं साडेचार तासांत? मोतोमाची आणि लाल विटांची गोदामं होतील, किंवा गोर्योकाकू होईल. तिन्ही करायला गेलात तर ट्रामच तेवढी बघाल.

खरेदी

या बाबतीत मी निःपक्ष नाही. आओमोरीत खरेदीला एक आकार आहे, कारण तिथे विकलं जातं ते तिथलंच असतं.

जपानच्या निम्म्याहून जास्त सफरचंदांचं पीक या एका प्रांताचं. आपण पुण्या-मुंबईच्या फळवाल्याकडे 'फुजी' मागतो, ते वाण याच प्रांतातल्या फुजिसाकी गावी तयार झालं आणि १९६२मध्ये त्याला ते नाव मिळालं. नोव्हेंबरअखेर म्हणजे फुजीची तोडणी नुकतीच झालेली, म्हणून या खरेदीला हा बिगरहंगाम नाहीच, उलट ऐन हंगाम आहे. वा रास्सेच्या शेजारच्या 'ए-फॅक्टरी'त एकेका वाणाच्या रसाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. फुजी गोड, ओरिन सुगंधी, जोनागोल्ड आंबटसर. फळ तिथेच चिरून खा. ताजी सफरचंदं भारतात आणायच्या फंदात पडू नका, विमानतळावर फळांना क्वारंटाइनचे नियम आहेत. सुकवलेले काप आणि रस आणा, तेही रसाच्या बाटल्यांचं वजन लक्षात ठेवून.

माझी खरी कमजोरी मात्र कोगिन. आओमोरीच्या त्सुगारू भागातल्या शेतकऱ्यांना एके काळी सुती कपडे घालायला बंदी होती. अंगावर तागासारखं विरळ कापड, आणि थंडी ही अशी. मग बायकांनी निळ्या कापडात पांढऱ्या दोऱ्याने इतकं दाट भरलं, की विणीची भोकं बुजली आणि कापड उबदार झालं. आपल्या कर्नाटकी कशिद्यासारखेच कापडाचे धागे मोजून टाके घालायचे, पण इथे मोजणी विषम असते: एक, तीन, पाच. त्यातून शंकरपाळ्यासारखे चौकोन तयार होतात. त्रिकोणी 'आस्पाम' इमारतीतल्या दुकानात मी एक छोटं पाकीट उलटं करून बघत होते. मागची बाजूही जवळजवळ पुढच्याइतकीच नेटकी. विक्रेतीने माझं निरखणं पाहिलं आणि काही न बोलता गल्ल्याखालून स्वतःचं अर्धवट भरलेलं कापड काढून दाखवलं. ऑगस्टच्या गर्दीत हे झालं नसतं. छोटी पाकिटं, बुकमार्क, बटणं परवडतात. मोठी पिशवी घेताना किमतीची चिठ्ठी आधी वाचा. हाताचं काम आहे, घासाघीस चालत नाही.

तिसरी गोष्ट त्सुगारू बिदोरो. मासेमारीच्या जाळ्यांचे काचेचे तरंगते गोळे फुंकणाऱ्या कारागिरीतून आलेले रंगीत पेले आणि वाट्या. भेट द्यायला उत्तम, बॅगेत मात्र मोज्यांत गुंडाळून ठेवा.

हाकोदातेची खरेदी खाण्याकडे झुकलेली. स्टेशनशेजारचा सकाळचा बाजार दुपारी आवरता होतो, साडेअकराला पोचणाऱ्याला त्याचं शेपूटच मिळतं. खेकडेवाले हाक मारून चव द्यायला खेकड्याचा पाय पुढे करतात, टाकीतून जिवंत माकूळ गळाने पकडायचा खेळही आहे. लाल विटांची कानेमोरी गोदामं सुंदर आहेत, पण आतली बरीच दुकानं कुठल्याही पर्यटनस्थळी असावीत तशी. तिथून आणण्यासारख्या दोनच गोष्टी: त्रापिस्ट मठाची लोण्याची बिस्किटं आणि कोंबु, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. हाकोदातेच्या आसपासचं कोंबु नावाजलेलं आहे, हलकं असतं, महिनोन्महिने टिकतं, आणि आमटीच्या पाण्यात तुकडा टाकला तर चव खुलते. माझ्या आईला पटलेलं नाही. १ डिसेंबरनंतर जात असाल तर गोदामांसमोर कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून आलेला भलामोठा नाताळवृक्ष २५ तारखेपर्यंत उभा असतो, मग संध्याकाळ खरंच देखणी होते.

करमाफीसाठी पासपोर्ट जवळ ठेवा. एका दुकानात कर सोडून किमान ५,००० येनची खरेदी लागते. १ नोव्हेंबर २०२६पासून पद्धत बदलायचं ठरलं आहे: आधी कर भरायचा, देश सोडताना परत घ्यायचा.

जेवण

मासे खाणाऱ्यांना दोन्हीकडे चंगळ. आओमोरीच्या फुरुकावा बाजारात कुपनं विकत घ्यायची, भाताचा वाडगा घ्यायचा आणि गाळ्यागाळ्यावरून हवा तो मासा त्यावर ठेवून घ्यायचा. याला म्हणतात नोक्केदोन. मंगळवारी सहसा बंद. एकदा आम्ही नेमके मंगळवारी गेलो, आणि नवऱ्याचा चेहरा अजून आठवतो.

शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे सावध राहावं. हाकोदातेचं प्रसिद्ध मिठाचं रामेन दिसतं पाण्यासारखं, पण रस्सा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. एका छोट्या खानावळीत मी "मांस नको, मासा नको" असं दोनदा सांगून तोफू मागवला, तर वर वाफेने हलणारी कात्सुओबुशीची, म्हणजे सुक्या माशाची, पापुद्र्यासारखी कात्रणं. मालकीणबाई मनापासून ओशाळल्या, त्यांच्या लेखी तो मासा नव्हताच, मसाला होता. टोकियोहून निघताना ठेपले घ्या. थंडीत छान टिकतात, आणि आओमोरीत त्याबरोबर चिरलेलं फुजी.

मग कोणी कुठे जावं?

संध्याकाळी टोकियोला परतायचंच असेल, बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील, आणि हातात काहीतरी घेऊन यायचं असेल तर आओमोरी. हवा कशीही असली तरी दिवस वाया जात नाही.

रात्रीचा मुक्काम जमत असेल तर मात्र मी बिनतक्रार हाकोदाते म्हणेन. मग डोंगरासाठी एक संध्याकाळ हुकली तरी हाताशी पहाटेचा बाजार राहतो, आणि युनोकावाचे गरम पाण्याचे झरे ट्रामच्या टप्प्यात आहेत. डिसेंबरपासून तिथल्या वनस्पती उद्यानात माकडंसुद्धा गरम पाण्यात डुंबत बसतात.

एका दिवसात हाकोदाते करायचंच असा हट्ट असेल, तर आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा. जोराचा वारा किंवा ढग दिसले तर शिन-आओमोरीलाच उतरायचं. आरक्षण गाडी सुटण्याआधी बदलून घेता येतं, आणि पाससाठी त्याचे जादा पैसे पडत नाहीत. आमचे गेल्या वर्षीचे पाहुणे असेच उतरले. रात्री अकरानंतर दारात उभे राहिले तेव्हा मोठ्या पिशवीत नऊ बाटल्या रस होता आणि वहिनींच्या गळ्यात कोगिनचं लोलक.