मिंट २२.१ नव्याने टाकताना: इन्स्टॉलर उत्तम, टाइमशिफ्टवर मात्र विसंबू नका

माझ्या मशीनवरच्या लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०.३ आवृत्तीचा सपोर्ट एप्रिल २०२५मध्ये संपत होता. आधी २१, मग २१.३, मग २२ अशा पायऱ्या चढत बसण्यापेक्षा सगळं पुसून २२.१ नव्याने टाकायचं ठरवलं. घरी बसून मुद्रितं तपासायचं माझं काम, मशीन अडकून पडलं तर मजकूर अडकतो. म्हणून पेनड्राइव्ह लावण्याआधी यादी केली.

माझं होम (आपल्या फाइली आणि सेटिंग्ज ठेवायचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर होतं, तिथेच निम्मं काम झालं. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडायचं (नाव इतकं मोघम, की नवखा माणूस तिकडे फिरकणारच नाही). रूटला (जिथे सिस्टिम बसते तो भाग) फॉरमॅटची खूण करायची, होमला माउंट पॉइंट (ते पार्टिशन सिस्टिममध्ये कुठे जोडायचं ती जागा) द्यायचा आणि त्याचा फॉरमॅटचा चौकोन रिकामाच ठेवायचा. पुढे कोणकोणतं पार्टिशन पुसलं जाणार याची सूचना येते, ती सावकाश वाचा. इन्स्टॉलरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. यूजरनेम जुनंच दिलं की फाइली, ब्राउझरच्या खुणा, पॅनेलची मांडणी, सगळं जागच्या जागी सापडतं.

'टाइमशिफ्ट आहे ना, मग बॅकअप कशाला?' असं विचारणारे बरेच भेटतात. अहो, मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतं, म्हणजे मागे फिरता यावं म्हणून त्या घडीच्या प्रती. होम मुळातच वगळलेलं असतं. फोटो आणि कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या घ्यायलाच हव्यात. मिंटचं बॅकअप टूल मात्र कामाचं. टाकलेल्या सॉफ्टवेअरची यादी ते एका छोट्या फाइलीत ठेवतं आणि नव्या सिस्टिमवर तीच यादी समोर धरतं. वेबसाइटवरून उतरवलेल्या डेब फाइलींचा (सॉफ्टवेअर टाकायच्या फाइली) हिशेब तेवढा आपला आपण ठेवायचा.

माझ्या धंद्याची खरी गोष्ट फॉन्टांची. होममधल्या लपलेल्या '.लोकल' फोल्डरात टाकलेले देवनागरी फॉन्ट जसेच्या तसे राहिले. सगळ्या यूजरसाठी म्हणून रूटमध्ये टाकलेले असतील तर ते फॉरमॅटबरोबर जातात, आधी कॉपी करून घ्या. मराठीसाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये कागपा आणि इनस्क्रिप्ट दोन्ही आहेत, बाहेरून काही आणावं लागत नाही.

होम अजून वेगळं केलं नसेल तर या खेपेला करून टाका. रूटला ५० जीबी दिलं तरी माझ्यासारख्याला पुरतं, फक्त टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट दुसऱ्या डिस्कवर ठेवा.