लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या ट्रेनिंगच्या नावाखाली २७,७०० रुपये गेले, सावध राहा

लिहायला लाज वाटते, पण गुहागर-दापोलीकडे कुत्र्यासाठी ट्रेनर शोधणारं आणखी कोणी यात अडकू नये म्हणून लिहितोय.

आमचा राजा, काळा लॅब, जूनमध्ये पाच महिन्यांचा झाला. आंब्याच्या कलमांत वानरं उतरली की सुसाट सुटायचा, कितीही हाका मारा, वळून बघायचा नाही. बोलावल्यावर यावा आणि टाकलेली वस्तू आणून हातात द्यावी, एवढंच मला हवं होतं. फेसबुकवर जाहिरात दिसली: 'शिकारी व आज्ञापालन कोर्स, ३० दिवस, राहण्यासह'. माणूस गोड बोलणारा. घरी येऊन राजाला घेऊन गेला. नोंदणी ३,०००, कोर्स १८,०००, खाणं ४,५००, बंदुकीच्या आवाजाची सवय लावायचं 'किट' २,२००. एकूण २७,७००, सगळे जीपेवर. पावती मागितली तर "शेवटी एकदम देतो". असं म्हणणाऱ्याला रुपयाही देऊ नका.

बाराव्या दिवशी व्हिडिओ आला. काळा लॅब बसतोय, थांबतोय, धावत जाऊन डमी (सरावासाठी फेकायची नकली वस्तू) आणतोय. मी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आईने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "अरे, ह्याच्या पायाखाली धूळ उडतेय."

जुलै महिना. आठ दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नव्हतं, पाखाडीवरून पाणी वाहत होतं, आणि हा म्हणे चिपळूणजवळच्या माळावर शिकवत होता. मी आईवरच खेकसलो, "शेड असेल, तुला काय कळतंय!" त्याच क्षणी गाडी काढायला हवी होती. पण तो रोज मेसेज करायचा, "आज जरा सुस्त होता, जेवला कमी". इतकं बारीक कोणी खोटं लिहील असं वाटतं का? पैसे भरून बसलेल्या माणसाला तर नाहीच वाटत.

राजा परत आला तो बरगड्या निघालेला, कानांत गोचीड, अंगात ताप. डॉक्टरांचे ३,८५० वेगळे. अंगणात नारळाचं सोडण फेकलं. पूर्वी ते तोंडात धरून घरभर मिरवायचा. आता ते जमिनीवर आपटताच पोट टेकून बसला आणि तिथेच मुतला. डॉक्टर म्हणाले, कानाशी फटाके लावले असणार. आवाजाची सवय लांबून, पिल्लू खेळात असताना, हळूहळू लावतात. या वयात दात बदलत असतात, धडा पाच-दहा मिनिटांचा पुरतो, आणि मालकाने समोर उभं राहून स्वतःही शिकायचं असतं. "महिनाभर भेटायला येऊ नका" म्हणणारा ट्रेनर नकोच.

पोलीस ठाण्यात गेलो. "कुत्रा परत मिळाला ना? मग फसवणूक कसली?" चार फेऱ्या झाल्या. एकदा साहेब बंदोबस्तावर, एकदा "चिपळूणला जा", तिथे "तुमच्या हद्दीत द्या". मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, तर हवालदार जाहिरात वाचून म्हणाला, "शिकारीचं ट्रेनिंग? १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. वनखात्याला कळवू का?" मी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही! पैसे माझे गेले, जनावर माझं मोडलं आणि आरोपी मीच? निदान त्या 'शिकारी' शब्दावर मी तरी अडखळायला हवं होतं.

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी नऊ दिवस त्याच्या "उद्या परत करतो"वर घालवले. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही. जीपेचे स्क्रीनशॉट आणि मेसेज जपून ठेवलेत, तुम्हीही काही डिलीट करू नका.

त्याची जाहिरात काल पुन्हा दिसली. नाव बदललंय, नंबर बदललाय. व्हिडिओ तोच, धूळ उडणारा.