फौजी आजोबांच्या आठवणी टिपायला झूम एच१एन रेकॉर्डर कसा आहे?

१९७१ च्या लढाईत असलेले जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. पुण्यात खडकी-वानवडीकडे अशी घरं पुष्कळ. त्यांचं बोलणं नीट टिपायचं असेल तर मोबाइलवर भिस्त ठेवू नका. मधेच फोन येतो आणि तुटलेला धागा बहुधा पुन्हा जुळत नाही. या कामाला झूमचा एच१एन चांगला.

दोन ट्रिपल-ए सेल, ३२ जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड आणि वर दोन माइक, एवढाच कारभार. रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवला तर तासाला साधारण १ जीबी जागा जाते. फाइल २ जीबीची झाली की पुढची आपोआप सुरू होते. सेल बराच काळ काढून ठेवले तर तारीख पुसली जाते आणि फाइलींवर भलतीच तारीख पडते. म्हणून सुरू करताना तारीख, नाव आणि युनिट तोंडीच रेकॉर्ड करा.

खरी गोची आवाजाच्या पातळीची. तोफखान्यात नोकरी झालेल्या बऱ्याच जणांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं मोठ्यानं. पण सोबतच्या एखाद्या जवानाचं नाव निघालं की आवाज एकदम खाली जातो. नेहमीच्या बोलण्याला स्क्रीनवरची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं आवाजाच्या पातळीचं गोल बटण लावा आणि लिमिटर, म्हणजे अचानक मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारी सोय, चालू ठेवा. हे बटण चुकून बोट लागलं तरी फिरतं, तेव्हा एकदा बसवल्यावर यंत्राला हात नको. प्लॅस्टिकची बॉडी नुसतं धरलं तरी खरखर पकडते. टेबलावर टॉवेलची घडी घालून त्यावर ठेवा, तोंडापासून वीतभर किंवा थोडं जास्त अंतरावर. २०२४ मध्ये आलेल्या एच१इसेन्शियलमध्ये ३२ बिट फ्लोट, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा दोन्ही आवाज न फाटता टिपणारी पद्धत, असल्यानं ही पातळी लावावीच लागत नाही. नवंच घेणार असाल तर तेच घ्या.

पंखा बंदच करा. उन्हाळ्यात ते जमत नसेल तर माइकवर फोमची टोपी हवीच, ती डब्यात येत नाही, वेगळी घ्यावी लागते. घरघरीसाठी लो-कट, म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज गाळणारं सेटिंग, १२० हर्ट्झवर ठेवा. लोहगावच्या तळावरून सुखोई उठलं की मात्र कुठलंच सेटिंग उपयोगाचं नाही. विमान जाईपर्यंत थांबा आणि तेच वाक्य पुन्हा विचारा.

काय विचारायचं, हे यंत्राइतकंच महत्त्वाचं. भरती, ट्रेनिंग सेंटर, लंगरचं जेवण, पहिली पोस्टिंग अशा क्रमानं चला. ‘तेव्हा भीती वाटली का?’ यापेक्षा ‘खंदक किती खोल होता, शेजारी कोण होतं?’ हे विचारलं की माणूस मोकळा होतो. तासाभरापेक्षा लांबवू नका. पुढच्या वेळी आधीचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा. आपलं बोलणं कोणीतरी जपून ठेवलंय हे ऐकून पुष्कळांचं मन हलकं होतं, शिवाय चुकलेली नावं तेच दुरुस्त करतात.

पण हा घरगुती उपचार समजू नका. मनावरच्या आघातांवर उपचाराची नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी नावाची पद्धत आहे. तिच्यात दोरी म्हणजे आयुष्य, चांगल्या प्रसंगांना फुलं, वाईटांना दगड, आणि एकेका दगडापाशी थांबून सगळं क्रमानं सांगायचं असतं. ते प्रशिक्षित माणसाच्याच हाती असावं. आजोबांची झोप उडाली, फटाक्यांनी दचकणं वाढलं, हात थरथरले, तर रेकॉर्डिंग तिथंच बंद करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष २०२३ मध्ये पुण्यातच, एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा. आणि व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी आजोबांना विचारा, कुठला भाग कोणी ऐकायचा हे त्यांनीच ठरवायचं.