पुण्यातले अतिरिक्त मृत्यू मोजताना: कोणती नोंद घ्यावी, कोणती आधाररेषा?

ज्यांची चाचणीच झाली नाही, ते कोविडबळींच्या अधिकृत आकड्यात येत नाहीत. म्हणून अतिरिक्त मृत्यू मोजायचे: साथ नसती तर अपेक्षित असते त्याहून जास्त झालेले मृत्यू. ती अपेक्षित संख्या म्हणजे आधाररेषा. 2020 आणि 2021 मिळून भारतात सुमारे 47 लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. सरकारी नोंद 5 लाखांच्या आत, आणि केंद्राने तो अंदाज नाकारला. फरक पडतो तो पद्धतीमुळे.

पुण्यासाठी आमची पहिली पसंती महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीला. मेख एकच, पण मोठी: मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवला जातो. साताऱ्याचा रुग्ण पुण्याच्या ससून रुग्णालयात दगावला तर नोंद पुण्यात. राहण्याचा पत्ता पाहून अशा नोंदी वेगळ्या काढा, आणि हीच चाळणी आधीच्या वर्षांनाही लावा. मोजणी मृत्यूच्या तारखेने करा. नोंदणीला 21 दिवसांची मुदत असते. टाळेबंदीत ती रखडली की नोंदणीच्या तारखेने पुढच्या महिन्यात खोटा उंचवटा दिसतो.

स्मशानभूमीच्या नोंदी लवकर हाती येतात, पडताळणीला उत्तम. मात्र एकट्या वैकुंठ स्मशानभूमीवर विसंबू नका. कोविडचे मृतदेह ठराविक ठिकाणीच नेले जात, त्यामुळे तिथली वाढ म्हणजे शहराची वाढ नव्हे. कब्रस्ताने आणि ख्रिस्ती दफनभूमीही धरा.

घरोघर सर्वेक्षण शहरापुरते तोकडे पडते. 1000 घरे, घरटी 4 माणसे, हजारी वार्षिक 6 मृत्यू धरले तर हाती जेमतेम 24 मृत्यू येतात. शिवाय जे कुटुंब विखुरले, त्याचे दार उघडायला कुणी नसते.

आता आधाररेषा. समजा 2015 ते 2019 च्या एप्रिलमध्ये अनुक्रमे 2000, 2100, 2200, 2300, 2400 मृत्यू झाले आणि एप्रिल 2021 मध्ये 5000. पाच वर्षांची सरासरी 2200, म्हणजे अतिरिक्त 2800. वाढीचा कल पुढे नेला तर अपेक्षित 2600, अतिरिक्त 2400. लोकसंख्या आणि नोंदणी दोन्ही वाढणाऱ्या शहरात सरासरी आकडा फुगवते, कल वापरा. पण पाचच बिंदूंवरची रेषा एखाद्या विचित्र वर्षाने सहज कलते, म्हणून एक आकडा न देता पल्ला द्या. 2020 आधाररेषेत कधीही घेऊ नका.

हद्दही तपासा. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. सगळी वर्षे एकाच हद्दीवर आणल्याशिवाय तुलना करू नका.

टाळेबंदीत अपघात घटल्याने काही आठवड्यांत उत्तर उणे येईल. ते शून्य करू नका, तसेच ठेवा. नाहीतर वर्षाची बेरीज चुकते.