दोन किलोवॅट की तीन? घरावरच्या सोलरचा खरा हिशोब

सोलरवाल्याला फोन केला की तो गच्ची किती आणि बिल किती एवढंच विचारतो, आणि थोड्याच वेळात व्हॉट्सॲपवर तीन किलोवॅटचं कोटेशन येऊन पडतं. तीनच का, तर केंद्राचं अनुदान तिथे कमाल होतं म्हणून. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, असे मिळून ७८,००० मिळतात. चौथ्या किलोवॅटपासून पुढे एक रुपयाही नाही. '७८ हजार सबसिडी' हे वाक्य विकायला सोपं आहे. पण तुमच्या घराला दोन पुरतात की तीन लागतात, हे अनुदानावरून ठरत नाही. ते ठरतं तुमच्या बिलातली महागडी युनिटं किती आहेत यावरून.

महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणून देण्याचा आकार, धरून ढोबळ दर असे: पहिली १०० युनिटं सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० अकराच्या आसपास, ३०१ ते ५०० चौदाच्या आसपास, त्यावर आणखी जास्त. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभराच्या आतलं युनिट सात रुपयांना पडतं, तर तीनशेच्या पुढचं सोळाच्या वर जातं. सोलरची युनिटं वजा होतात ती वरून, म्हणजे महाग टप्पा आधी कापला जातो. पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो, शेवटचा सगळ्यात कमी. कोटेशनमध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे एकच सरासरी दर धरून 'वर्षाला इतकी बचत' असं छापलेलं असतं.

आता तीन घरं शेजारी ठेवून बघू. महाराष्ट्रात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात हे निम्म्यावर येतं, मार्च ते मे जास्त असतं. पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतीय सेलचे धरले आहेत, कारण अनुदान त्यांनाच आहे. एक किलोवॅटला ७२ हजार, दोनला १ लाख ३० हजार आणि तीनला १ लाख ९० हजार असा खर्च धरला आहे. तुमच्या गावात पाच-दहा हजार इकडे-तिकडे होतील.

| महिन्याचा वापर | क्षमता | अनुदान जाऊन खर्च | वर्षाची बचत | पैसे वसूल |
|---|---|---|---|---|
| ९० युनिट | १ किलोवॅट | ४२,००० | ७,५०० | साडेपाच वर्षं |
| ३०० युनिट | २ किलोवॅट | ७०,००० | ३४,००० | दोन वर्षं |
| ३०० युनिट | ३ किलोवॅट | १,१२,००० | ३९,००० | तीन वर्षांच्या आत |
| ५०० युनिट | ३ किलोवॅट | १,१२,००० | ६३,००० | पावणेदोन वर्षं |

मधल्या दोन ओळी नीट बघा. तीनशे युनिटांच्या घरात दोन किलोवॅट बसवले तर २४० युनिटं वजा होतात आणि सहा रुपयांची फक्त ६० उरतात. तिसरा किलोवॅट येतो तो ही स्वस्तातली ६० युनिटं वाचवायला. त्याला अनुदान जाऊन ४२ हजार लागतात आणि तो वर्षाला पाच हजार वाचवतो. म्हणजे त्याचे स्वतःचे पैसे निघायला आठ वर्षं. तो पहिल्या दोघांच्या कमाईत लपून जातो, म्हणून 'तीन वर्षांत वसूल' हे खोटं नसूनही तुम्हाला पुरतं खरं सांगत नाही. शिवाय ३६० युनिटं तयार होऊन ३०० वापरली की दर महिन्याला ६० शिल्लक पडतात, त्यांचं काय होतं ते पुढे.

माझं मत सरळ आहे. सरासरी वापर अडीचशे-तीनशे असेल आणि घरात नवं काही येणार नसेल, तर ५४० वॅटचे चार पॅनेल, म्हणजे दोन किलोवॅट, पुरे. सहाचा मोह नको. पण पुढच्या दोन वर्षांत एसी येणार असेल तर गोष्ट वेगळी. रात्री सहा-सात तास चालणारा दीड टनाचा एसी उन्हाळ्यात महिन्याला दीडशे-दोनशे युनिट सहज ओढतो. इलेक्ट्रिक स्कूटर त्यामानाने बिचारी असते, रोजच्या तीसेक किलोमीटरला महिन्याची तीसेक युनिटं. एसी किंवा गाडी येणार हे नक्की असेल तर आत्ताच तीन घ्या. नंतर दोन पॅनेल वाढवायचे म्हणजे इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा), स्ट्रक्चर, अर्ज सगळं पुन्हा काढावं लागतं.

नव्वद युनिटांच्या घराला केंद्राच्या अनुदानावर घाई करण्यासारखं फार नाही. मात्र राज्य सरकारने २०२५ मध्ये अशाच घरांसाठी 'स्मार्ट' योजना आणली आहे. एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना १५,००० आणि शंभरच्या आत वापर असलेल्या इतरांना १०,००० रुपये. त्यात बसत असाल तर साडेपाच वर्षांचा हिशोब चारवर येतो. दारिद्र्यरेषेखालच्या घराला तर योजनेच्या दरात पदरचे जेमतेम अडीच हजार घालावे लागतात. तिथे विचार कसला करायचा.

आणि 'बिल शून्य' म्हणजे शून्य नव्हे. स्थिर आकार दरमहा लागतोच, शुल्क धरून दीडशेच्या आसपास.

शिल्लक युनिटांचं ३१ मार्चला काय होतं

नेट मीटरवर तुमची जास्तीची वीज महावितरणला जाते आणि युनिटं पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा राहतात. ही जमा आर्थिक वर्षापुरती. ३१ मार्चला जे उरलं असेल त्याचे पैसे मिळतात, पण तुम्ही वीज घेता त्या दराच्या जवळपासही जात नाहीत अशा दराने.

गोम अशी की ही तारीख सोलरवाल्या घराला अगदी गैरसोयीची पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ स्वच्छ, पंखे बंद, एसी झाकलेला. म्हणजे शिल्लक नेमकी याच काळात साठते. ती ३१ मार्चला मातीमोल दराने जाते आणि दुसऱ्या दिवशी एप्रिल उजाडतो, वापर चढतो, तेव्हा खातं रिकामं. एप्रिल-मेमध्ये तयार झालेली युनिटं मात्र जून ते सप्टेंबरच्या ढगाळ महिन्यांत उपयोगी पडतात. म्हणून क्षमता ठरवताना मे महिन्याचं बिल समोर धरू नका. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, त्यातली बारा महिन्यांची सरासरी काढा आणि तिच्यापेक्षा थोडं कमीच बसवा.

लाईट गेली की सोलरही जातं

साधी ऑनग्रिड, म्हणजे बॅटरी नसलेली आणि थेट महावितरणच्या लाईनला जोडलेली सिस्टिम बसवलेल्या घरात भर दुपारी लाईट गेली की पंखाही बंद पडतो. वर ऊन रणरणतंय, पॅनेल तापलेत आणि घरात अंधार. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. बऱ्याच जणांना हे पैसे भरल्यावर कळतं.

दुसरा पर्याय हायब्रिडचा, म्हणजे सोबत बॅटरी. पाच किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी आणि तिचा इन्व्हर्टर धरून खर्च लाखभराने तरी वाढतो आणि बॅटरीला अनुदान नाही. पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरात जिथे आठवड्याला तास-दीड तास वीज जाते, तिथे हे पैसे घालण्यात अर्थ नाही. घरात जुना इन्व्हर्टर आणि ॲसिडची बॅटरी असेल तर ती तशीच चालू ठेवा, दोन पंखे आणि दिवे निघतात. गावाकडे रोज चार-पाच तास वीज जात असेल तर मात्र हायब्रिडचा विचार करावा. तिथे नुसत्या ऑनग्रिडचं नुकसान दुहेरी होतं. दुपारी वीज गेली तर तेवढ्या तासांची निर्मितीही बुडते आणि वर दिलेली चार युनिटांची सरासरी हाती लागत नाही. गावाच्या टोकाच्या लाईनवर आणखी एक त्रास असतो: दुपारी व्होल्टेज चढलं की इन्व्हर्टर लाईनपासून आपोआप तुटतो, परत जोडला जातो, परत तुटतो. बसवण्याआधी चार-सहा दुपारी मीटरजवळ व्होल्टेज मोजून घ्या. ते २५०च्या वर जात असेल तर आधी महावितरणकडे तक्रार करा, पॅनेल मागाहून.

रोख, कर्ज की एफडी

योजनेतून तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं विनातारण कर्ज राष्ट्रीयीकृत बँका देतात, व्याज सहा-सात टक्क्यांच्या आसपास. १ लाख १२ हजारांना पाच वर्षांचा हप्ता २,२०० रुपयांच्या घरात बसतो. तीनशे युनिटांच्या घरात तीन किलोवॅटने महिन्याला ३,२०० वाचतात. म्हणजे हप्ता बिलातूनच निघतो.

एफडी मोडून सोलर घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. एफडीवर सात टक्के मिळाले तर १ लाख १२ हजारांचे वर्षाला ७,८०० होतात आणि त्यावर कर लागतो. सोलरचे ३९,००० करमुक्त. वरवर बघता तुलनाच नाही. पण एफडीचं मुद्दल परत मिळतं, पॅनेलचं मिळत नाही. पॅनेल २५ वर्षं टिकतात, दरवर्षी अर्ध्या-पाऊण टक्क्याने निर्मिती घटते, आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागतो. हे सगळं धरूनही सोलर पुढे राहतं, फक्त तितकं प्रचंड पुढे नाही.

अनुदान मागून येतं, ही अडचण रोखीने घेणाऱ्याला जास्त जाणवते. आधी पूर्ण १ लाख ९० हजार विक्रेत्याला द्यायचे, मग नेट मीटर लागतो, पोर्टलवर नोंद होते आणि त्यानंतर ७८ हजार थेट तुमच्या खात्यात येतात. 'सबसिडी आम्ही वळती करून घेतो, उरलेलेच द्या' असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. आधारशी जोडलेलं खातं आणि वीजबिलावरचं नाव एकच आहे ना, तेही आधी तपासा. वडिलांच्या नावावरचं बिल आणि मुलाचं खातं, यात कित्येक अर्ज अडकतात.

सांगाड्याचा खर्च

कोटेशनांची तुलना करताना लोक पॅनेलचा ब्रँड आणि इन्व्हर्टरचा ब्रँड बघतात. मी आधी पॅनेल ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा बघेन. गच्चीवर उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालायच्या असतील, पावसाळ्यात कपडे, तर पॅनेल डोक्याच्या वर, गच्चीपासून सात-आठ फूट उंच हवेत. मग लोखंड वाढतं आणि खर्चही चांगलाच वाढतो. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा तीन फुटी सांगाड्याचं असतं, आणि एका ओळीत 'स्ट्रक्चर' एवढंच लिहिलेलं असतं. उंची किती, पाइपची जाडी किती मिलिमीटर, गॅल्व्हनाइज्ड आहे की नुसता रंग दिलाय, हे लिहून घ्या. एका पॅनेलचं वजन तीसेक किलो आणि आकार साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट, म्हणजे वाऱ्याला तो पुरता पंख. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ज्यांनी पाहिलंय त्यांना बोल्ट किती खोल हवेत ते सांगायला नको. खाऱ्या हवेने रंगवलेलं लोखंड किती वर्षं टिकतं, हेही तिथले लोक जाणतात.

सावलीही स्वतः बघा. दुपारी पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली एका पॅनेलवर पडली तर ओळीतल्या बाकीच्यांचीही कमाई खाली येते. सर्व्हेला आलेला मुलगा सकाळी दहाला येऊन जातो. त्याला चारची सावली दिसत नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

गच्ची सोसायटीची, त्यामुळे स्वतःच्या मीटरसाठी पॅनेल लावणं अवघड. सोसायटीच्या सामाईक मीटरचा मार्ग जास्त व्यवहारी आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांची युनिटं बहुतेक वरच्या टप्प्यात पडतात, आणि अनुदान किलोवॅटला १८,००० रुपये आहे, घरामागे तीन किलोवॅट धरून ५०० किलोवॅटपर्यंत. आर्थिक गणित वैयक्तिक बंगल्याइतकंच चांगलं जमतं. जमत नाही ते सर्वसाधारण सभेतलं: वरच्या मजल्यावरचा गळतीची भीती घालतो, तळमजल्यावरचा 'लिफ्ट मी वापरतच नाही' म्हणतो. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा बसवता येतो, हे पहिल्याला दाखवा. दुसऱ्याला सांगा की देखभाल शुल्क सगळ्यांचंच कमी होणार आहे.

आणि गोव्यातल्या वाचकांनी वरचा तक्ता तसाच्या तसा उचलू नये. तिथे घरगुती वीज महाराष्ट्राच्या मानाने बरीच स्वस्त आहे, त्यामुळे तेच पॅनेल वसूल व्हायला कितीतरी जास्त वर्षं घेतात. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे टप्पे वेगळे आहेत, तेव्हा आपल्या बिलावरचे दर घालून गणित पुन्हा मांडावं. केंद्राची योजना २०२६-२७ पर्यंत आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची अट नाही आणि मंजूर भारही गरजेप्रमाणे आपोआप वाढवून मिळतो, त्यामुळे 'आधी लोड वाढवून घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील' असं सांगणाऱ्या विक्रेत्याला तो नियम दाखवा.