हिस्टेरोस्कोपी : जागेपणी, की भूल घेऊन?

गर्भाशयात दुर्बीण घालून बघायचं ठरलं की दुखण्याबाबत तीन वाटा असतात : नुसती गोळी, गर्भाशयाच्या तोंडाशी बधिर करणारं इंजेक्शन, नाहीतर पूर्ण भूल.

फक्त तपासणी असेल आणि दुर्बीण 3-4 मिलिमीटर जाडीची असेल, तर गोळीवर अनेकींचं भागतं. आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, तासभर आधी, काहीतरी खाऊन. ऐनवेळी टेबलावर घेतलेली गोळी लागू पडेपर्यंत तपासणी संपलेली असते. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल, अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. उपाशी मात्र जाऊ नका, घेरी येते.

गर्भाशयाचं तोंड रुंद करावं लागणार असेल तर लिग्नोकेनचं, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन कामाचं. टोचताना चिमटा बसतो, मग काही मिनिटं थांबावं लागतं. ओठांना मुंग्या आल्या किंवा कानात गुणगुण सुरू झाली तर लगेच सांगा, औषध रक्तात जात असल्याची ती खूण असते. आणि एक गोष्ट आधी कुणी फारशी सांगत नाही : या इंजेक्शनने गर्भाशयाचा वरचा भाग पुरता बधिर होत नाही, कारण तिथल्या नसा वेगळ्या वाटेने येतात. सलाइनने पोकळी फुगवली की पाळीसारखी कळ येतेच. त्याचा अर्थ इंजेक्शन फसलं असा नाही. म्हणूनच त्याच्या जोडीला गोळी हवी.

पूर्ण भुलेत यातलं काहीच कळत नाही, पण तयारी वाढते. जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी. सोबत माणूस हवं आणि 24 तास गाडी चालवायची नाही. जाग आल्यावर पोटात कळा बहुधा येतात. मोठा पॉलिप (अस्तरावरचा कोंब) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ) काढायचा असेल, किंवा आधीच्या आतल्या तपासणीतच अंग आखडलं असेल, तर सरळ भूल मागावी. यात भित्रेपणा कसला?

तारीख शक्यतो पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर लगेचची घ्या. तेव्हा अस्तर पातळ असतं, आतलं स्पष्ट दिसतं. जागेपणी करणार असाल तर दोन प्रश्न आधीच विचारा : स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारं साधन) न लावता करता येईल का, आणि मी ‘थांबा’ म्हटलं तर थांबाल ना? दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर भूल मागा, नाहीतर डॉक्टर बदला.